विज्ञान साक्षरतेची बदलती साधने : ‘सायन्स’ त्रैमासिक ते डिजिटल अध्ययन घटक (औरंगाबाद – छत्रपती संभाजीनगर परिसराचा ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना

‘वैज्ञानिक साक्षरता’ ही संज्ञा शिक्षणशास्त्रात रूढ होण्यास अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ पॉल हर्ड यांचा १९५८ मधील लेख मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरला, असे मानले जाते. १९८३ मध्ये जॉन मिलर यांनी या संज्ञेचे तीन पदर स्पष्ट केले : विज्ञानातील मूलभूत संज्ञा व संकल्पनांचे ज्ञान, विज्ञानाच्या कार्यपद्धतीची जाण आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या समाजावरील परिणामांचे भान. भारतात याच आशयाला राज्यघटनेच्या ४२ व्या दुरुस्तीने (१९७६) वेगळे अधिष्ठान दिले. विज्ञाननिष्ठ दृष्टिकोनाचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. म्हणजे विज्ञानाचा तास हा केवळ परीक्षेतील गुणांचा विषय राहिला नाही, निदान कागदोपत्री तरी.

अलीकडच्या काळात ही साक्षरता वाढविण्याचे साधन म्हणून डिजिटल अध्ययन घटकांकडे पाहिले जाते. एखाद्या संकल्पनेवरील छोटी चित्रफीत, सचेतन आकृत्या, आभासी प्रयोग आणि अखेरीस प्रश्नमंजूषा असे या घटकाचे सर्वसाधारण स्वरूप असते आणि विद्यार्थी तो मोबाइलवर किंवा संगणकावर आपल्या गतीने शिकतो. अशा घटकांची परिणामकारकता तपासणारे प्रबंध विपुल आहेत. मात्र त्यांपैकी बहुतेकांत हे साधन जणू कोऱ्या पाटीवर आले असे गृहीत धरलेले असते. ऐतिहासिकदृष्ट्या ते खरे नाही. विशेषतः औरंगाबादसारख्या शहरात तर नाहीच. या शहरात व त्याच्या परिसरात विज्ञान लोकांपर्यंत पोहोचविण्यासाठी गेल्या सुमारे शंभर वर्षांत एकामागून एक साधने आली. प्रत्येक साधनाचे स्वागत झाले, प्रत्येकाने काही काम केले आणि त्यानंतर भाषा, यंत्र किंवा शासकीय योजना यांपैकी काहीतरी बदलले. पुढच्या साधनाला मागच्या साधनाचा आशय मिळाला नाही, ही या इतिहासातील ठळक बाब आहे. प्रस्तुत लेखात या खंडित परंपरेचा मागोवा घेतला आहे. शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर असे झाले. त्यापूर्वीच्या घटनांच्या संदर्भात तत्कालीन नावच ठेवले आहे.

‘सायन्स’ त्रैमासिक आणि परिभाषेचा प्रश्न

१९२८ मध्ये औरंगाबादहून ‘सायन्स’ या नावाचे उर्दू त्रैमासिक निघू लागले. प्रकाशक होती अंजुमन तरक्की-ए-उर्दू. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची सूत्रे १९१२ मध्ये मौलवी अब्दुल हक यांच्याकडे आली. ते निजामाच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते आणि औरंगाबाद हे त्यांचे कार्यक्षेत्र होते. साहजिकच संस्थेचे कार्यालयही येथे आले आणि भाषा-साहित्याला वाहिलेले ‘उर्दू’ हे त्रैमासिक १९२१ पासून येथूनच प्रसिद्ध होऊ लागले. त्यानंतर सात वर्षांनी विज्ञानासाठी स्वतंत्र नियतकालिक काढण्यात आले. पुढे औरंगाबादचा औद्योगिक विकास, पर्यटन आणि वेरूळ-अजिंठा यांविषयी अमाप लिहिले गेले. परंतु एका भारतीय भाषेतील विज्ञान नियतकालिकाचे हे जन्मस्थान होते, ही गोष्ट शहराच्या स्मृतीतून जवळपास पुसली गेली आहे.

या उपक्रमामागे हैदराबाद संस्थानाचे व्यापक धोरण होते. उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम केले आणि १९१७ मध्ये त्यासाठी भाषांतर विभाग, म्हणजेच दारुल-तर्जुमा स्थापन झाला. गणित, पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक या विषयांचे ग्रंथ उर्दूत आणावयाचे तर प्रथम परिभाषा हवी होती. वहीदुद्दीन सलीम यांचा परिभाषा घडविण्याच्या तत्त्वांवरील ग्रंथ अंजुमनने १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. उर्दूची घडण आर्यकुळातील असल्याने नवे शब्द केवळ अरबी धातूंवरून न बनविता या भूमीतील उपसर्ग-प्रत्ययांचाही वापर करावा, अशी त्यांची भूमिका होती. विज्ञान जनभाषेत आणताना शब्द विद्वानांना पटणारा हवा की विद्यार्थ्याला पेलणारा, हा वाद मराठीत आजही मिटलेला नाही. तो या परिसरात शंभर वर्षांपूर्वी गांभीर्याने झाला होता.

योगायोगाची बाब अशी की १९२८ मध्येच पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ हे मराठी विज्ञान मासिक सुरू झाले. एकाच वर्षी, एकाच हेतूने निघालेली ही दोन नियतकालिके होती. परंतु एक ब्रिटिश मुंबई इलाख्यात व देवनागरी लिपीत, तर दुसरे निजामी मुलखात व उर्दू लिपीत. या दोहोंमध्ये सापडला तो मराठवाड्यातील मराठी भाषक विद्यार्थी. संस्थानात माध्यमिक शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते. घरी, शेतात, बाजारात मराठी बोलणाऱ्या मुलाला उष्णतेसाठी ‘हरारत’, बलासाठी ‘कुव्वत’ आणि पदार्थविज्ञानासाठी ‘तबीइयात’ हे शब्द शिकावे लागत. त्याच्या मातृभाषेतील विज्ञान मासिक सरहद्दीपलीकडच्या पुण्यात छापले जात होते. त्याच्या शहरात छापले जाणारे विज्ञान नियतकालिक मात्र त्याच्या घरात कोणी वाचू शकत नव्हते. उर्दूतून विज्ञान शिकविण्याचा हा प्रयोग इंग्रजीच्या वर्चस्वाला दिलेले धाडसी उत्तर होते, हे निःसंशय. पण औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतील बहुसंख्यांसाठी तेही परक्या भाषेतीलच विज्ञान होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि इतिहासलेखनात बहुधा त्यांपैकी एकच सांगितली जाते.

अंजुमनचे कार्यालय १९३० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीस गेले आणि त्याबरोबर हा अध्याय औरंगाबादपुरता संपला.

माध्यमांतर : १९४८ ते १९८०

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. राजकीयदृष्ट्या ही मुक्ती होती. शैक्षणिकदृष्ट्या मात्र विज्ञानाच्या शिक्षकाला एका दशकात सारा शब्दसंग्रह बदलावा लागला. ज्यांचे स्वतःचे शिक्षण उर्दू परिभाषेतून झाले होते त्यांना शाळेत मराठीतून शिकवायचे होते, आणि महाविद्यालयीन विज्ञान इंग्रजीकडे वळले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू केलेल्या आणि पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धी पावलेल्या संस्थेमुळे दलित व ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी विज्ञान शाखेचे दार प्रथमच खऱ्या अर्थाने उघडले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. विद्यार्थी वाढले, प्रयोगशाळा आल्या. पण दारुल-तर्जुमाने छापलेले शेकडो ग्रंथ आणि ‘सायन्स’चे अंक नव्या पिढीला वाचता येईनासे झाले. त्यांतील आशयाचे मराठीत रूपांतर करावे, असा मोठा प्रयत्न झाल्याचे दिसत नाही.

येथे नभोवाणीचा उल्लेख आवश्यक आहे. १९५० मध्ये आकाशवाणीने संस्थानांकडून जी पाच केंद्रे ताब्यात घेतली, त्यांत म्हैसूर, बडोदा, त्रिवेंद्रम व हैदराबाद यांच्याबरोबर औरंगाबादही होते. ज्या शहराकडे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर स्वतःचे नभोवाणी केंद्र होते, ते ‘माध्यमांपासून दूर राहिलेले मागास शहर’ होते असे सरसकट म्हणता येत नाही.

मराठीत दरम्यान परिभाषेचे संस्थात्मक काम सुरू झाले. १९६० मध्ये भाषा संचालनालय, १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद आणि १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजेच बालभारती, या संस्था उभ्या राहिल्या. राज्यभर एकच विज्ञान पाठ्यपुस्तक आले. त्याच्या भाषेबद्दलचा महत्त्वाचा अभ्यास मात्र प्रयोगशाळांतून नव्हे, तर शाळांतून झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आधाराने १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आपले आरंभीचे काम औरंगाबाद जिल्ह्याला उत्तरेकडून लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात केले. याच केंद्रातील व्ही. जी. कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मराठी विज्ञान पाठ्यपुस्तकांच्या भाषेकडे लक्ष वेधले. तोच आशय सुलभ मराठीत पुन्हा लिहून दिला असता विद्यार्थ्यांची समज लक्षणीय सुधारते, असे त्यांना आढळले. विद्यार्थी विज्ञानात नव्हे, तर विज्ञानाच्या पुस्तकी मराठीत नापास होत होते. उर्दू परिभाषेच्या वादानंतर साठ वर्षांनी तोच प्रश्न वेगळ्या लिपीत पुन्हा समोर उभा राहिला होता. या निष्कर्षासाठी ना उपग्रह लागला ना संगणक. कदाचित म्हणूनच त्याची चर्चा नंतरच्या तंत्रस्नेही काळात फारशी झाली नाही.

दूरचित्रवाणीचा वर्ग

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने भारतात ‘साइट’ हा शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत संच बसविण्यात आले आणि प्राथमिक शाळांतील जवळपास ५० हजार शिक्षकांना विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षण दिले गेले. आंध्र प्रदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश ही महाराष्ट्राची शेजारी राज्ये त्यात होती, महाराष्ट्र नव्हता. इन्सॅट उपग्रहांच्या काळात मात्र महाराष्ट्राचा समावेश झाला. १९८४ मध्ये पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे ‘बालचित्रवाणी’ हे नाव आज तिशी-चाळिशीत असलेल्या पिढीच्या चांगलेच परिचयाचे आहे.

‘बालचित्रवाणी’चे मोल समजून घेणे आवश्यक आहे. मराठी मुलासाठी, मराठी बोलीच्या लकबीत, ओळखीच्या अंगणात आणि वर्गात घडणारे विज्ञान प्रथमच पडद्यावर आले. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर एक संकल्पना, थोडा वेळ आणि ठरलेला वयोगट ही अध्ययन घटकाची सारी लक्षणे त्यात होती. उणीव होती ती विद्यार्थ्याच्या हाती नियंत्रण नसण्याची. कार्यक्रमाची वेळ दूरदर्शन ठरवत असे. त्या वेळी शाळेत वीज असावी, संच चालू असावा आणि नेमका तोच धडा वर्गात शिकवला जात असावा, असा योग दुर्मीळच. हुकलेला कार्यक्रम पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेला ‘देशव्यापी वर्ग’ हा उपक्रमही त्याच वेळचा. परंतु तो प्रामुख्याने इंग्रजीत असल्याने मराठवाड्यातील ग्रामीण महाविद्यालयांत त्याचा उपयोग बेताचाच राहिला.

‘बालचित्रवाणी’ २०१७ मध्ये बंद झाली. संस्था बंद होणे हा प्रशासकीय निर्णय असू शकतो आणि त्याची कारणे आर्थिकही असू शकतात. परंतु तीन दशकांत मराठीत तयार झालेले विज्ञानविषयक दृक्श्राव्य साहित्य हे ‘डिजिटल शाळे’च्या पहिल्या दिवसापासून तिच्या पायाशी असावयास हवे होते. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय जून २०१५ चा. म्हणजे ज्या वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळांना लोकवर्गणीतून प्रक्षेपक आणि टॅब घेण्याचे आवाहन केले जात होते, त्याच वर्षांत राज्याची स्वतःची दृक्श्राव्य शैक्षणिक संस्था आवरती घेतली जात होती. या दोन प्रक्रियांचा परस्परांशी संबंध जोडला गेला नाही, याची खंत शिक्षणाच्या इतिहासकाराला वाटल्याशिवाय राहणार नाही.

संगणक, सीडी आणि टंकाची अडचण

शाळेत संगणक आणण्याचा केंद्र शासनाचा पहिला संघटित प्रयत्न म्हणजे १९८४-८५ मधील ‘क्लास’ प्रकल्प. बीबीसी मायक्रो ही ब्रिटिश बनावटीची यंत्रे आरंभी देशभरातील २५० शाळांना देण्यात आली आणि त्यांच्याबरोबरच्या आज्ञावल्याही बहुतांशी ब्रिटनमधील व इंग्रजीतील होत्या. प्रमाण इतके अल्प होते की मराठवाड्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व एका आरंभबिंदूपुरतेच आहे.

खरा प्रसार २००० नंतर झाला. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावी संगणक केंद्रे आली. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी असलेला ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या प्राथमिक टप्प्यात नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा सहभाग होता आणि या विद्यापीठाचे एक विभागीय केंद्र औरंगाबादेत होते. उपग्रहाचे आयुष्य २०१० मध्ये संपले. त्याच सुमारास खासगी कंपन्यांच्या विज्ञानविषयक सीडी शाळाशाळांत पोहोचू लागल्या. हृदयाचे ठोके, ज्वालामुखी, विद्युत मंडल हे सर्व रंगीत आणि हलते होते. फळ्यावरील आकृतीवर वाढलेल्या वर्गाला त्याचे अप्रूप वाटले नसते तरच नवल.

या सीडींची दोन दुखणी होती. पहिले टंकाचे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा परस्परांशी न जुळणाऱ्या टंकांत तयार होत असे. तो टंक नसलेल्या संगणकावर धडा उघडला की ‘गुरुत्वाकर्षण’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हांची रांग दिसे. असा मजकूर शोधता येत नसे, दुसरीकडे उतरवून घेता येत नसे आणि शिक्षकाला त्यात दुरुस्तीही करता येत नसे. दुसरे दुखणे उशिरा उघड झाले. सचेतन आकृत्यांचा मोठा भाग ‘फ्लॅश’ या तंत्रावर आधारलेला होता आणि त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी जगभर काढून घेण्यात आला. ज्या घटकांचे निर्माते तोवर व्यवसायातून बाहेर पडले होते किंवा ज्यांची मूळ प्रत कोणाकडेच नव्हती, ते घटक नव्या संगणकांवर निरुपयोगी ठरले. उर्दू ग्रंथ निदान ग्रंथालयात उभे आहेत आणि लिपी शिकणाऱ्याला ते आजही वाचता येतात. या सीडींचे तसे नाही.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील आभासी प्रयोग आरंभी जावा व फ्लॅशमध्येच होते. प्रकल्पाने ते वेळीच नव्या तंत्रात उतरविले. त्यांची भाषांतरे करण्याची मुभा असल्याने त्यांपैकी अनेक मराठीतही आले. सी-डॅक, मुंबई यांच्या सहभागाने उभ्या राहिलेल्या ‘ओ-लॅब्स’ या आभासी प्रयोगशाळेतही मराठीचा समावेश झाला. मूळ घडण खुली असेल तर तंत्र बदलले तरी आशय पुढे नेता येतो, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

क्यूआर कोड, टाळेबंदी आणि गाडीवाट

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. २०१७ पासून बालभारतीच्या पुस्तकांवर असे कोड येऊ लागले आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. छापील धडा व डिजिटल घटक यांचा सांधा जोडणारी ही कल्पना राजधानीत नव्हे, तर एका वस्तीवरील शाळेत रुजली, हे लक्षणीय आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जे साधन पूरक होते तेच एकमेव झाले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमातून दैनंदिन अभ्यासाचे दुवे पाठविण्यास प्रारंभ केला. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. घरातील भांडी, धान्य, दोरी घेऊन पालकांसह शिकण्याची तिची पद्धत पाहता तिचे नाते थेट ‘बालचित्रवाणी’शी जाते. परंतु तीन वर्षांपूर्वी बंद केलेल्या गोष्टीची गरज पुन्हा निर्माण झाली तेव्हा सारे काही घाईने नव्याने उभारावे लागले. त्या वेळी साधनांची स्थिती काय होती? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि सुमारे १५ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. मोबाइल एकच असेल तर तो सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाबरोबर जाई. दुवा आला तरी तो रात्रीच उघडे.

या पार्श्वभूमीवर औरंगाबाद शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरील गाडीवाट गावाची जिल्हा परिषद शाळा उल्लेखनीय ठरते. २०१९ मध्ये या शाळेने मुलांना परकीय भाषा शिकविण्याचे ठरविले आणि कोणती भाषा हवी हे मुलांनाच विचारले. बहुतेकांनी जपानी निवडली. कारण विचारता त्यांना यंत्रमानव व तंत्रज्ञानाची आवड असल्याचे दिसून आले. गावाला धड रस्ता नव्हता, पण इंटरनेट होते. अभ्याससाहित्य नसल्याने आरंभी चित्रफिती व भाषांतराची अॅप वापरून शिक्षण सुरू झाले आणि २०२० मध्ये या उपक्रमाची देशभरातील वृत्तपत्रांनी दखल घेतली. येथे आशय कोणत्याही मंडळाने पाठविलेला नव्हता. मुलांच्या कुतूहलामागे शिक्षक धावले आणि साधन नंतर शोधले गेले. वर पाहिलेल्या प्रत्येक टप्प्यावर साधन आधी आले होते आणि कुतूहल त्यामागून येईल असे धरून चालण्यात आले होते.

आणखी एक बदल याच काळात दृढ झाला. राज्यातील अनेक मराठी शाळांनी सेमी-इंग्रजी पद्धती स्वीकारली, म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि उर्वरित विषय मराठीतून. पालकांची त्यामागील अपेक्षा समजण्यासारखी आहे. परंतु त्यामुळे मराठी विज्ञान घटकांचा विद्यार्थीच कमी होत गेला. १९४८ नंतर उर्दू परिभाषेचे जे झाले, त्याची पुनरावृत्ती या वेळी कोणत्याही राजकीय स्थित्यंतराविना, पालकसभेतील ठरावाने होत आहे.

परिणामकारकता : काय मोजले जाते?

डिजिटल घटकांवरील शिक्षणशास्त्रातील प्रबंधांची पद्धती ठरून गेलेली आहे. एका तुकडीस पारंपरिक पद्धतीने व दुसरीस घटकाद्वारे शिकवायचे, पूर्वचाचणी व उत्तरचाचणी घ्यायची आणि ‘टी’ मूल्य काढायचे. ही रचना साठ-सत्तरच्या दशकांत स्किनर यांच्या क्रमान्वित अध्ययनावरील प्रबंधांतही होती. त्या पुस्तिकाही स्वयंअध्ययनाचे घटकच होते, केवळ कागदी. दोन-तीन आठवड्यांच्या प्रयोगात प्रायोगिक गट बहुधा पुढे असतो, आणि त्यात नावीन्याचा वाटा किती व आशयाचा किती, हे वेगळे करणे कठीण असते. शिवाय चाचणी संपादनाची असते. मिलर यांच्या तीन पदरांपैकी पहिला पदर तीत मोजला जातो, तर कार्यपद्धतीची जाण आणि सामाजिक भान हे दोन पदर क्वचितच. विद्यार्थ्याने ‘परिकल्पना’ या शब्दाची व्याख्या बिनचूक लिहिली, पण साप चावल्यावर त्याला रुग्णालयात न्यावे की मांत्रिकाकडे, या प्रश्नावर घरात तो काय बोलतो, हे कोणत्याही उत्तरचाचणीत येत नाही. वैज्ञानिक साक्षरता वाढली, असा निष्कर्ष अशा चाचणीवरून काढणे धाडसाचे आहे.

भाषेची नोंदही या प्रबंधांत अभावानेच आढळते. घटकातील निवेदन पुस्तकी आहे की बोलके, संज्ञा इंग्रजी आहेत की मराठी, सिल्लोड किंवा कन्नडच्या मुलाला ते वाक्य एकदा ऐकून कळते का, हे नोंदविल्याशिवाय निकालाचा अर्थ लावता येत नाही. कुलकर्णी-गंभीर यांच्या अभ्यासाचा हा धागा घेऊन डिजिटल घटकांची तपासणी करण्यास मोठा वाव आहे.

पाणचक्की

शहरातील बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरात पाणचक्की आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकात शहरासाठी सुरू केलेल्या नहरींच्या परंपरेतीलच ही योजना असून तिचे काम अठराव्या शतकात पूर्णत्वास गेले. उत्तरेकडील डोंगरातले पाणी मातीच्या बंद नळांतून जमिनीखालून येते, उंचावरील स्रोताच्या दाबाने येथील भिंतीत वर चढते आणि तेथून कोसळून पात्यांचे चाक फिरवते. त्यावर एके काळी यात्रेकरू व फकिरांसाठी पीठ दळले जाई. द्रवाचा दाब, स्थितिज व गतिज ऊर्जा, घर्षण हे माध्यमिक अभ्यासक्रमातील बहुतेक पाठ या एका वास्तूत आहेत. राज्यभरासाठी एकच घटक बनविताना त्यात दाखविलेली टाकी आणि नळ कोणत्याच गावाचे नसतात, कारण ते सर्व गावांना चालावे लागतात.

पाणचक्कीवर आधारित अध्ययन घटकासाठी मोठा निधी लागणार नाही. मोबाइलने केलेले चित्रण, नळांचा मार्ग दाखविणारा नकाशा, रबरी नळी व दोन बाटल्या घेऊन वर्गात करावयाचा प्रयोग आणि विद्यार्थ्यांनी स्वतः मोजलेली पाण्याच्या पडण्याची उंची एवढी सामग्री पुरेशी आहे. निवेदन मराठीत व उर्दूतही करता येईल, कारण शहरात आजही दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. मजकूर युनिकोडमध्ये, चित्रण खुल्या स्वरूपात आणि संपूर्ण संहिता छापील स्वरूपात विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवता येईल. त्यासाठी विज्ञान, इतिहास व शिक्षणशास्त्र या तीन विभागांतील अध्यापकांना एकत्र बसावे लागेल, आणि चाकाची उंची मोजण्यासाठी मुलांना एकदा तेथे न्यावे लागेल.